सोप्रानो आणि पियानोची साथ

गाण्याच्या मैफलीची जाहिरात पाहिली म्हणजे गवयाचे नाव ठळक अक्षरांत आणि साथीदारांची नावे त्याखाली बारीक अक्षरांत छापलेली आढळतात. कित्येकदा ती छापलेलीही नसतात. श्रोत्यांची दृष्टी गाणाऱ्याच्या मुखावर खिळलेली असते. समेवर मान डोलते तीही त्याच्याच नावाने. परंतु गाणारा क्षणभर थांबला असता जो सूर सभागृहात भरून राहतो, चुकत चाललेली लय जो न बोलता सावरून घेतो, तो साथीदार कोण होता, हे घरी परतताना फारच थोड्यांच्या ध्यानात राहते. एकट्या गळ्याची म्हणून जी कला आपण ओळखतो ती वस्तुतः एकट्याची नसते. तिच्यामागे साथीदार असतो, त्याच्यामागे गुरू असतो, आणि त्या दोघांमागे त्यांना पोसणारा समाज असतो. ही साखळी जेथे अखंड असते तेथे कला नांदते. जेथे तिचा एखादा दुवा निखळलेला असतो तेथून गुणी माणसांना परमुलखाची वाट धरावी लागते. पॅट्रिशिया रोझारिओ ही मुंबईत जन्मलेली सोप्रानो गायिका आणि मार्क ट्रूप हे तिचे पियानोवादक साथीदार यांच्या कारकिर्दीचा वृत्तान्त या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे.

गळा आणि साथ यांचे नाते आपल्याकडे किती जुने आहे हे पाहावयाचे असल्यास दूर जाण्याचे कारण नाही. तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. त्याचे किनवट व राजुरा हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि आज ते महाराष्ट्रात आहेत. या मुलखातील राजगोंडांच्या कुळकथा गाणारे प्रधान हे परंपरेने भाट होत. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात गोंडांच्या गावी राहून त्यांचा अभ्यास केला. त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. प्रधानांच्या गायनाची रीत त्याने नोंदून ठेवली आहे. मुख्य प्रधान हाती किकरी नावाचे गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य घेऊन कथा गातो आणि त्याचे दोन साथीदार त्याची ओळ उचलून धरतात. विशेष हे की, या प्रधानांच्या घरची बोली मराठी, पण गाणे मात्र गोंडीत. प्रत्येक घराण्याचे यजमान ठरलेले, प्रत्येक सणाची कथा ठरलेली, आणि बापाकडून मुलाकडे विद्या जाण्याची वाटही ठरलेली. मुख्य गायक दमला तर कथा थांबत नाही, कारण ती तिघांनी मिळून पेललेली असते.

अशी तिघांनी पेललेली कला एका गावात, एका मुलखात टिकते. सोप्रानोची कला मुळात परदेशातील. तीही अशीच अनेकांनी मिळून पेललेली आहे, मात्र तिचे दुवे निराळे आहेत. ते समजण्यासाठी प्रथम सोप्रानो म्हणजे काय याचा खुलासा केला पाहिजे.

पाश्चात्य अभिजात संगीतात मानवी आवाजाचे उंचीप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत. स्त्रियांच्या आवाजांत खालचा तो कॉन्ट्राल्टो, मधला तो मेझो-सोप्रानो आणि सर्वांत उंच तो सोप्रानो. मध्य ‘सा’च्या आसपास सुरू होऊन वर दोन सप्तकांपर्यंत हा आवाज सहज फिरावा अशी अपेक्षा असते. ऑपेरामध्ये, म्हणजे संपूर्ण गायिलेल्या नाटकात, गायिकेसमोर साठ-सत्तर वाद्यांचा वृंद वाजत असतो. ध्वनिवर्धकाचे साहाय्य न घेता त्या वृंदावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम. ओरडून हे साधत नाही. श्वास साठविणे, तो बेताबेताने सोडणे, मुखातील व मस्तकातील पोकळ्यांत आवाज घुमविणे, या गोष्टी वर्षानुवर्षे जाणत्या गुरूच्या नजरेखाली शिकाव्या लागतात. चुकीच्या शिक्षणाने आवाज कायमचा बिघडतो. म्हणूनच या विद्येत पुस्तकापेक्षा गुरूचा कान मोठा मानला आहे. या बाबतीत इटलीतील शिक्षक आणि आपल्याकडील उस्ताद यांच्यात मतभेद होण्याचे कारण नाही.

आता पियानोकडे वळू. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इटलीतील फ्लोरेन्स येथे इसवी सन १७०० च्या सुमारास हे वाद्य प्रथम घडविले. यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डची तार टोचून वाजविली जात असे, त्यामुळे बोट हळू दाबले काय किंवा जोराने दाबले काय, आवाज सारखाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडीचा आघात करण्याची युक्ती काढली आणि बोटाच्या दाबाप्रमाणे सूर मृदू वा प्रखर होऊ लागला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि त्यांचा आवाका सात सप्तकांहून अधिक असतो. दहा बोटांनी अनेक सूर एकाच वेळी वाजविता येत असल्यामुळे एक माणूस अख्ख्या वाद्यवृंदाचे प्रतिनिधित्व करू शकतो. मात्र आपल्या संगीताचा प्राण जी मींड, ती पियानोवर निघत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची त्याला सोय नाही.

पियानोवादकाला खरे मानाचे स्थान मिळवून दिले ते व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूबर्टने. १८१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने गटेच्या काव्यातील चरख्यावर सूत काढणाऱ्या ग्रेट्शेनचे गीत स्वरबद्ध केले. त्या गीतात चरखा गात नाही, तो पियानोत फिरतो. प्रियकराच्या आठवणीने तरुणीचे भान हरपते तेव्हा पियानोतील चरखाही थांबतो आणि मग अडखळत पुन्हा सुरू होतो. पुढील वर्षी त्याने रचलेल्या ‘एर्लकोनिग’मध्ये आजारी मुलाला घेऊन रात्री दौडणारा घोडा असाच पियानोवादकाच्या उजव्या हातात धावतो. येथून पुढे पियानो हा गायकाला सूर पुरविणारा चाकर उरला नाही, तो कथेतील एक पात्र झाला. शूबर्टची गीते लोकांपुढे आणण्याचे बरेचसे श्रेय योहान मिखाएल फोगल या गायकाला जाते. तो शूबर्टपेक्षा सुमारे तीस वर्षांनी वडील आणि रंगभूमीवर नावाजलेला. १८२५ साली या दोघांनी उत्तर ऑस्ट्रियात प्रवास केला तेव्हा फोगल गात असे आणि स्वतः शूबर्ट साथीला बसत असे. पुढे रॉबर्ट शूमानने १८४० साली रचलेल्या ‘डिख्टरलीब’ या गीतमालेत तर शेवटचे शब्द संपल्यावर गायक मुकाट उभा राहतो आणि कितीतरी वेळ एकटा पियानो बोलत राहतो.

असे असले तरी व्यवहारात मान गळ्यालाच मिळत राहिला. शूमानची पत्नी क्लारा ही तिच्या काळातील अग्रगण्य पियानोवादिका होती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात तिने मैफली केल्या, त्यांना श्रोते बेताचेच लाभले. अखेरच्या मैफलीत स्वीडनची विख्यात सोप्रानो जेनी लिंड हिने गाण्याचे मान्य केले, आणि सभागृह तुडुंब भरले. लिंडने हे स्नेहभावाने केले होते. परंतु एवढ्या मोठ्या वादिकेला आपल्या कलेच्या बळावर जे जमले नाही ते दुसरीच्या गळ्याने चार गीतांत साधले, हे शल्य क्लाराला बोचल्यावाचून राहिले नाही. साथीचा मान वाढविण्यासाठी विसाव्या शतकात इंग्लंडच्या जेरल्ड मूर यांनी आयुष्य वेचले. आपल्या १९६२ मधील आत्मचरित्राला त्यांनी ‘माझा आवाज फार मोठा होतो आहे काय?’ अशा अर्थाचे मिस्कील नाव दिले. २० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांची निरोपाची मैफल झाली, तेव्हा एलिझाबेथ श्वार्झकॉफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि डीट्रिख फिशर-डीस्काउ असे तीन जगद्विख्यात गायक त्यांच्यासाठी गावयास उभे राहिले. एका साथीदाराच्या निरोपासाठी गायकांनी जमावे, हा प्रसंग त्या काळी अपूर्वच होता.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे गोविंदराव टेंब्यांची हार्मोनियम, बालगंधर्वांच्या पदांमागे अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, ही नावे जुन्या रसिकांच्या जिभेवर एकत्रच येत. परंतु हार्मोनियमची साथ आणि पियानोची साथ यांत एक मूलभूत भेद आहे. ख्यालगायक ऐन वेळी जे सुचेल ते गातो, आणि हार्मोनियमवादक सावलीसारखा त्याचा माग काढतो. पाश्चात्य गीतात गळ्याचा व पियानोचा असे दोन्ही भाग रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले असतात. तेथे पियानो मागे चालत नाही, तो शेजारी चालतो. पुष्कळदा तोच पुढे जाऊन वाट दाखवितो. हार्मोनियमलाही मींड साधत नाही, या कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली तिला आपल्या ध्वनिगृहात मज्जाव केला आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तीन दशके घराघरांत, रंगभूमीवर आणि मैफलीत वाजत राहिलेली पेटी नभोवाणीवर मात्र अस्पृश्य ठरली. साथीच्या वाद्याचे भवितव्य केवळ वादकाच्या गुणांवर ठरत नाही, ते संस्थांच्या निर्णयांवरही ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

संस्थांचा हा मुद्दा रोझारिओ यांच्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे, आणि तो समजण्यासाठी गोव्याचा इतिहास पाहिला पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, गोव्यात चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या त्यांत अक्षरओळखीबरोबर संगीतही शिकविले जाई. चर्चचा संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी वाचावयास, व्हायोलिन वाजवावयास आणि वृंदात गावयास शिकवी. शेतकऱ्याचा, मच्छीमाराचा मुलगाही कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शके. या शिक्षणाची किंमत पुढे मुंबईला कळली. लष्करी बँड, हॉटेले, मूकपटांची नाट्यगृहे आणि नंतर बोलपटांचे वाद्यवृंद गोमंतकीय वादकांनी भरून गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे त्यांच्याकडेच घेतले. प्रत्यक्ष गोव्यात आंतोनियो फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीस संगीताची अकादमी स्थापन केली. मुक्तीनंतर निघालेल्या कला अकादमीने पुढे पाश्चात्य संगीताच्या शिक्षणाची ती परंपरा चालविली.

या व्यवस्थेने वादक विपुल दिले, वृंदगायक दिले. परंतु ऑपेराच्या रंगमंचावर एकटी उभी राहणारी गायिका घडविण्याची सोय तिच्यात नव्हती. प्रार्थनेतील गायनाला एकल आवाजाचे ऐश्वर्य लागत नाही, किंबहुना ते तेथे शोभतही नाही. मुंबईत थोडी अधिक अनुकूलता होती. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी वाद्यवृंद उभारला. व्हिक्टर परांज्योती यांनी वृंदगायनाची गोडी लावली आणि १९६७ पासून कूमी वाडिया यांनी त्यांच्या वृंदाचे नेतृत्व पुढे समर्थपणे केले. १९६० नंतरच्या दशकात सेलिया लोबो यांच्यासारख्या सोप्रानोने मुंबईच्या रंगमंचावर ऑपेरातील नायिका उभ्या केल्या. हे सारे हौसेचे, कष्टाचे आणि कौतुकाचे काम होते. तथापि पूर्ण वेळ शिक्षण देणारे विद्यालय नव्हते, वर्षभर चालणारे ऑपेरागृह नव्हते, आणि गाण्यावर पोट भरेल अशी एकही जागा नव्हती. लंडनच्या संगीतसंस्थांचे परीक्षक दर वर्षी येत, मुलांची परीक्षा घेत, प्रमाणपत्रे देत आणि परत जात. प्रमाणपत्र हाती आलेल्या गुणी मुलीने पुढे काय करावे, या प्रश्नाला मुंबईजवळ उत्तर नव्हते.

अशा मुंबईत, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात, १९६० साली पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म झाला. पुढील शिक्षणासाठी त्या लंडनला गेल्या आणि तेथील गिल्डहॉल संगीतविद्यालयाचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. मॅगी टेट पारितोषिकही त्यांना लाभले. या पारितोषिकाला जिचे नाव दिले आहे ती मॅगी टेट ही फ्रेंच गीतांच्या गायनासाठी प्रसिद्ध असलेली इंग्लिश सोप्रानो होती. त्यानंतर ऑपेरा, चर्चमधील महारचना आणि पियानोच्या साथीने गावयाची गीते अशा तिन्ही क्षेत्रांत त्यांचा संचार झाला. जुन्या हॅन्डेल-मोझार्टपासून हयात संगीतकारांपर्यंत त्यांच्या गायनाचा पल्ला होता.

परंतु त्यांचे नाव जगात विशेष झाले ते जॉन टॅव्हनर या इंग्लिश संगीतकारामुळे. टॅव्हनर यांचा जन्म १९४४ चा, मृत्यू २०१३ चा. १९७७ साली त्यांनी पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदाय स्वीकारला आणि तेव्हापासून त्यांचे संगीत पश्चिमेकडून पूर्वेकडे वळत गेले. एकाच षड्जावर दीर्घ काळ स्थिरावणे, त्याभोवती स्वरांची नाजूक वेलबुट्टी काढणे, श्रोत्याला घाई न करणे, असे त्यांच्या रचनांचे रूप झाले. तंबोऱ्याच्या सुरात वाढलेल्या भारतीय कानाला हे मुळीच अनोळखी वाटत नाही. या संगीताला हवा तसा आवाज त्यांना रोझारिओ यांच्या ठायी सापडला, आणि त्यांनी तीसहून अधिक रचना त्यांच्यासाठी केल्या. वाळवंटात तप करणाऱ्या इजिप्तच्या संत मेरीच्या जीवनावरील त्यांचा ऑपेरा १९९२ च्या ऑल्डबरो महोत्सवात सादर झाला, तेव्हा मेरीची भूमिका रोझारिओ यांची होती. २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्यांची रात्रभर चालणारी, सुमारे सात तासांची ‘मंदिराचा पडदा’ या अर्थाच्या नावाची रचना झाली, तीतही प्रमुख सोप्रानो त्याच होत्या. एस्टोनियाचे आर्वो पार्ट यांनीही त्यांच्या आवाजासाठी लिहिले. २००१ साली ब्रिटिश शासनाने त्यांना ओ.बी.ई. हा किताब दिला. मुंबईच्या मुलीचा गळा पूर्वाभिमुख झालेल्या युरोपीय संगीतकाराच्या इतका कामी यावा, यात केवळ योगायोग पाहणे बरोबर होणार नाही. दोन संगीतांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला दोन्हीकडचे कळते, आणि सीमेवर वाढणे म्हणजे काय हे आदिलाबादच्या प्रधानांना निराळे सांगावयास नको.

या कारकिर्दीत मार्क ट्रूप यांचा वाटा कोणता? ते रोझारिओ यांचे पती आणि त्यांच्या गीतगायनाचे पियानोवादक साथीदार. वाद्यवृंदासह होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाची वृत्ते वर्तमानपत्रांत येतात, पण गायिकेची खरी जडणघडण घरातील पियानोजवळ होते. नवी रचना हाती आली म्हणजे वृंदाचे सर्व सुरावे दहा बोटांत बसवून गायिकेला ती ऐकविणारा पियानोवादकच असतो. कोठे श्वास घ्यावयाचा हे दोघांनी ठरवावयाचे असते, आणि ऐन मैफलीत तो श्वास अपुरा पडला तर किंचित पुढे सरकून वाक्य लवकर पुरे करून देण्याचे कामही त्याचेच. शब्द त्याला गायिकेइतकेच पाठ असावे लागतात, कारण कवितेचा अर्थ ठाऊक नसलेल्या बोटांना कोठे थबकावे हे समजत नाही. असा साथीदार लाभणे हे गायकाचे भाग्य मानतात. तो घरातच असला म्हणजे रियाज आणि संसार यांच्यामधली भिंत पातळ होते, हेही खरे. त्यात सुखही असते आणि ताणही असतो.

येथपर्यंतची हकीकत देशाबाहेर जाऊन नाव मिळविलेल्या अनेक गुणी माणसांच्या हकीकतींसारखी आहे. तिचे वेगळेपण पुढेच आहे. रोझारिओ या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये शिकवू लागल्या होत्या. भारतातून गाणे शिकावयास येणाऱ्या मुलामुलींचे आवाज उत्तम, पण पाया कच्चा आणि सवयी चुकीच्या, असे चित्र होते. उशिरा सुरुवात झाली म्हणजे मोडून पुन्हा बांधावे लागते. यावर उपाय म्हणून २००९ पासून या पतिपत्नींनी भारतात येऊन तरुण गायकांना शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. भारताला आवाज देणे अशा अर्थाचे नाव त्याला दिले आहे. मुंबई, गोवा आणि अन्य शहरांत वर्षातून काही वेळा येऊन वर्ग घ्यावयाचे, मधल्या काळात विद्यार्थ्यांनी अभ्यास करावयाचा, पुन्हा येऊन तो तपासावयाचा, असा क्रम. येथे साथीदाराचे महत्त्व दुपटीने प्रत्ययाला आले. गायिका गळा शिकवील, पण त्या गळ्याला रोज साथ कोण करणार? गीताची साथ जाणणारे पियानोवादक दुर्मीळ. किनाऱ्यावरील दमट हवेत पियानोचे लाकूड फुगते, तारा गंजतात, आणि तो सुरात लावणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे गायक घडवावयाचा तर वादक घडविला पाहिजे, आणि वादकाबरोबर वाद्यही जपले पाहिजे.

शिकलेल्या गळ्याला शेवटी उभे राहण्यासाठी जागा लागते. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसची कथा या ठिकाणी आठवते. या वास्तूचे उद्घाटन १९११ साली, बांधकाम पुरे होण्यापूर्वीच, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. नाव ऑपेराचे, पण ऑपेरा तेथे थोडाच काळ रमला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची संगीत नाटके तेथे रंगली, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली, आणि पुढे ते चित्रपटगृह झाले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. १९९३ साली ते बंद पडले आणि तेवीस वर्षे बंदच राहिले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याची दारे पुन्हा उघडली. त्या संध्याकाळी रंगमंचावर गाण्यासाठी पॅट्रिशिया रोझारिओ उभ्या होत्या, आणि पियानोवर मार्क ट्रूप होते. तारुण्यात जिला हे शहर शिक्षण देऊ शकले नव्हते, तिच्याच गाण्याने शहराने आपले जुने नाट्यगृह उघडले.

काही जण म्हणतील की, हे संगीत आपले नव्हे, मग त्याची एवढी चिंता कशाला? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. या संगीताचा श्रोतृवर्ग आपल्याकडे लहान आहे आणि तो लवकर मोठा होईल अशी चिन्हे नाहीत. ज्या समाजाला आपल्या शास्त्रीय गवयांना पोसणे जड जाते त्याने ऑपेराचा भार उचलावा, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु व्हायोलिन हे युरोपचे वाद्य कर्नाटक संगीताने आपलेसे केले आहे, पेटी आणि ऑर्गन यांखेरीज मराठी नाट्यसंगीताची कल्पनाही करता येत नाही, आणि गोव्याच्या गावांत पाश्चात्य स्वरलिपी चार शतकांहून अधिक काळ वाचली जात आहे. एवढ्या काळात जे आपल्या माणसांच्या बोटांत आणि गळ्यांत मुरले त्याला परके म्हणून मोकळे होता येत नाही. शिवाय येथे प्रश्न एका संगीतप्रकाराचा नाही. शिकविणारा, साथ करणारा आणि ऐकणारा यांची साखळी आपण जोडतो की नाही, असा तो आहे. किकरीलाही तोच प्रश्न लागू आहे. यजमानांच्या घरी कथा लावण्याची रीत उणावली आणि प्रधानाचा मुलगा नोकरीसाठी शहरात गेला, की किकरी खुंटीवर राहते.

आदिलाबादच्याच इतिहासातील एक गोष्ट यावर प्रकाश टाकते. गोंड मुलांना शिकवावयाचे तर शिक्षक कोठून आणावयाचे, असा पेच जेव्हा पडला, तेव्हा १९४३ साली मारलावाई या गावी गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांसाठी शाळा उघडण्याआधी शिक्षकांसाठी शाळा उघडली गेली. बाहेरून आणलेला गुरुजी बदली होऊन जातो, गावातला राहतो, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

गाण्याच्या बाबतीतही हिशेब हाच आहे. लंडनहून वर्षातून दोन-तीनदा येणारे गुरू कितीही थोर असले तरी ते पाहुणेच. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलामुलींपैकी काही जणांनी येथेच राहून पुढच्यांना शिकविले, काहींनी टाळ्यांचा मोह सोडून पियानोच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ करण्याचे व्रत घेतले, आणि एखाद्या शाळेने, एखाद्या अकादमीने त्यांच्या चरितार्थाची सोय केली, तरच या उपक्रमाचे चीज झाले असे म्हणता येईल. पुढील काळात मुंबईत किंवा मडगावात एखादी मुलगी सोप्रानो म्हणून उभी राहील, तेव्हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर तिच्या शिक्षिकेचे आणि साथीदाराचे अशी दोन्ही नावे शोधावीत. ती दोन्ही माणसे आपल्याच मुलखात शिकलेली असली, तर निखळलेला दुवा जोडला गेला असे समजण्यास हरकत नाही.